भाग दोनशे बारा

बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला मी,
आणि टेबलाखाली, कॉम्प्रेसरच्या धडधडीत,
मालकाच्या मुलाने टाकून दिलेला संगणक.
त्याला मी फीड लावून दिलीय.
दर पंधरा मिनिटांनी तो विचारतो : नवं काही?
नाही म्हटलं तर गप्प बसतो, रागावत नाही.
आहे म्हटलं तर नाव बघतो,
आधी घेतलेलं नाही ना, तेही बघतो,
आणि ओढून घेतो.

नियम लिहीत होतो तेव्हा जनू कोयंडे मागे उभा.
तांडेल माणूस. स्क्रीनकडे बघत म्हणाला,
"म्हणजे तू आस ठरयतंस."
जाळ्याच्या एकेका भोकाला आस म्हणतात आमच्याकडे.
बारीक धरला तर कचरा येतो,
मोठा धरला तर मासळी निसटते.
मी धरला तो फारच बारीक.
मालिकेच्या नावात 'वळण' होतं, म्हणून
वळणदार अक्षराचे दहा धडे,
दळणवळणावरचं कुणाचंसं भाषण,
घाटातल्या वळणावर उलटलेला आंब्याचा टेम्पो,
सगळं पहाटेपर्यंत येऊन पडलं.

आता बसलंय नीट.
आनंदवाडीच्या धक्क्यावर बोटी बर्फ भरतात,
तेव्हा लाद्यांबरोबर पेनड्राइव्हही जातो,
पिशवीत, दोन गाठी मारून,
आठ दिवसांचे भाग.
आई विचारते, "चोरयेचा काय रे ह्या?"
मी म्हणतो, समुद्र कुणाचा?
"ह्या काय उत्तर न्हय," म्हणते, आणि बांगडे साफ करायला घेते.

'गजलक्ष्मी'वर सातजण.
त्यातला दिलबहादूर नेपाळचा.
मराठी शिकला ती मालिकेतल्या सासूकडून.
जाळं अडकलं की तांडेलाला म्हणतो,
"तुम्हाला शोभत नाही हे."

जानेवारीत जामसंड्याकडे रस्ता खणताना
केबल तुटली. सकाळी जोडली.
फीडमध्ये थोडीच नावं राहतात, जुनी पुढे वाहून जातात.
दोनशे बारा वाहून गेला.
संगणकाने शांतपणे दोनशे तेरा घेतला, मग चौदा.
मी पाहिलं नाही. पिशवीला गाठी मारल्या.

कळलं ते तीस वाव पाण्यात.
दोनशे अकराच्या शेवटी सून
विहिरीच्या काठावर, हातात पत्र.
दोनशे तेरात ती वकिलासमोर बसलीय,
केस कापलेले.
मधे काय झालं?
लवू धुरी, बोटीवरचा भंडारी, कांदा चिरताना म्हणाला,
पत्र बापाचं होतं, त्याने विहीर तिच्या नावावर केली.
कुणी म्हणालं, पत्र कोरं होतं.
तीन रात्री असंच चाललं.
चौथ्या रात्री दिलबहादूर म्हणाला,
"आमच्याकडे घरातलं कुणी गेलं की केस काढतात."
सासूची मराठी नव्हती ती.
मागच्या थंडीत गावाहून त्याला फोन आला,
तेव्हाही बोट अशीच रेंजच्या बाहेर होती.
धक्क्यावर उतरला तेव्हा
बापाला जाऊन सहा दिवस झालेले.
त्याने बोटीच्याच कात्रीने, जाळ्याच्या,
केस कापले होते.
तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, उवा झाल्या असतील.

परत आले. जनूने पहिलं विचारलं,
"दोनशे बारा खंय गेलो?"
तोवर मी हाताने शोधून ठेवला होता, पाहिलाही होता.
पत्र म्हणजे घरपट्टीची नोटीस निघाली.
केस तिने नणंदेच्या पार्लरमध्ये कापले,
मधेच शांपूची बाटली जवळून दाखवली, दोनदा.
पेनड्राइव्ह पुढे केला.
जनूने दिलबहादूरकडे पाहिलं.
तो मासळीच्या पेट्यांवर बर्फ मारत होता,
फावड्याने, मन लावून.
"ऱ्हांव दे," म्हणाला जनू. "आमचो आमी बघितलो."

परवा लवू धुरी एकटाच आला,
लाद्या मोजता मोजता म्हणाला,
"मदीच एखादो भाग गाळूक येता काय रे?"

नियमात तशी सोय नाही.
बघतोय.